‘बसतंय की’ म्हणणाऱ्या पडदेवाल्याला काम देताना या चुका टाळा

बेळगावात घर बांधणारा माणूस दाराच्या एका कडीसाठी चार दुकानं पालथी घालतो, फरशीचा तुकडा उन्हात धरून बघतो. पडद्यांची पाळी येते तेव्हा मात्र वास्तुशांतीला आठ दिवस उरलेले असतात आणि प्रश्न एकच असतो, "स्क्वेअर फुटाला काय दर?" पलीकडून उत्तर येतं, "या की ओ, बसतंय की सगळं." एवढ्या बोलण्यावर काम ठरतं आणि मग वर्षभर कुरकुर चालते.

दराच्या आधी विचारायचं ते हे: माप कोण घेणार, शिवणार कोण आणि ड्रिल घेऊन शिडीवर कोण चढणार? बहुतेक वेळा ही तीन वेगळी माणसं असतात. दुकान खडेबाजारात, शिंपी वडगावात आणि बसवायला येणारा रोजावरचा पोरगा. त्यात वाईट काही नाही. पण पडदा आखूड झाला की दुकानदार शिंप्याकडे बोट दाखवतो, शिंपी मापाच्या कागदाकडे, आणि कागदावर कुणाचीच सही नसते. म्हणून ज्याला पैसे देणार त्यानेच, किंवा त्याच्या माणसाने, घरी येऊन माप घ्यायचं. कागदावर सही करायची आणि माप चुकलं तर स्वखर्चाने बदलून देऊ, असं त्याच कागदावर लिहायचं. हे लिहायला जो कां-कू करतो, त्याला नमस्कार करा आणि पुढच्या दुकानाची पायरी चढा.

फोनवरून माप सांगणं

तुम्ही म्हणता "साडेचार फूट". ऐकणारा ४.५ लिहितो. शिंपी ते चार फूट पाच इंच असं वाचतो. झाले ५४ चे ५३ इंच. पडद्यात इंचभर खपून जातो, चौकटीच्या आत बसणाऱ्या ब्लाइंडमध्ये, म्हणजे वर गुंडाळायच्या किंवा पट्ट्यांच्या पडद्यात, नाही. फूट हा शब्दच वापरू नका. सगळं इंच आणि सुतात किंवा सगळं मिलिमीटरमध्ये. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराला सांगावं लागत नाही, पडदेवाल्याला मात्र विचारून खात्री करून घ्या. टेप स्टीलचा हवा, शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची आणि सगळ्यात कमी भरेल ती धरायची. मग दोन्ही कर्ण मोजायचे. त्यांच्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर चौकट तिरकी आहे. अशा चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा हट्ट सोडा, बाहेरून भिंतीवर लावा.

खरी गडबड मात्र टेपमध्ये नसते, वजाबाकीत असते. टिळकवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये झालेला प्रकार बघा. बेडरूमच्या खिडकीची आतली रुंदी ४८ इंच. माप घेणाऱ्याने "अडकायला नको" म्हणून अर्धा इंच कमी करून ४७ इंच ४ सूत लिहिलं. कारखान्यात आतल्या मापाच्या ऑर्डरीवर पुन्हा अर्धा इंच कापतात, तसा कापला. ब्लाइंड आला ४७ इंचांचा. त्यात रोलर ब्लाइंडचं कापड ब्रॅकेटपासून ब्रॅकेटपर्यंतच्या मापापेक्षा नेहमीच सव्वा इंचाच्या आसपास अरुंद असतं, कारण दोन्ही टोकांना चेन आणि पिन बसायला जागा लागते. म्हणजे प्रत्यक्ष कापड पावणेशेहेचाळीस इंच, आणि दोन्ही बाजू मिळून सव्वादोन इंचांची उघडी फट. खिडकी पूर्वेची. ब्लॅकआउट कापडाचे पैसे मोजूनही सकाळी सातला उन्हाची पट्टी थेट उशीवर. दुकानदार म्हणाला माप बरोबर आहे, कारखानाही तेच म्हणाला, आणि दोघंही आपापल्या जागी खरे होते.

त्यामुळे कागदावर प्रत्येक खिडकीसमोर दोनपैकी एक शब्द लिहिलेला हवाच: ‘ओपनिंग साइज’ किंवा ‘फिनिश साइज’. ओपनिंग म्हणजे भोकाचं माप, कपात कारखाना करील. फिनिश म्हणजे एवढाच तयार हवा, कुणी सूतभरही कापायचं नाही. आणि झोपायच्या खोलीत पूर्ण अंधार हवा असेल तर आतलं माप नकोच. बाहेरून लावा, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच भिंतीवर येऊ द्या. आतून लावल्यावर खिडकी नीटस दिसते हे खरं, पण झोप दिसण्यावर येत नाही.

भिंत कशाची, हे न विचारणारा कारागीर

आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला आणि शहरातल्या जुन्या घरांत, भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असते. दगड वरून दणकट, आतून सच्छिद्र. चिरा ओबडधोबड म्हणून त्यावरचा गिलावाही जाड, ठिकठिकाणी इंचभर. बसवणारा येतो, त्याच्याकडे एकच ठरलेलं साहित्य: ६ मिमीचं ड्रिल, दीड इंचाची प्लॅस्टिकची गिट्टी (भोकात ठोकून स्क्रू धरणारी नळी) आणि तेवढाच स्क्रू. गिट्टीचा मोठा भाग गिलाव्यातच राहतो. त्यात ड्रिलचा ठोके देणारा हॅमर चालू ठेवून भोक पाडलं की जांभा आतून भुगा होतो आणि ६ चं भोक ९ चं होतं. मग तो काडेपेटीच्या काड्या कोंबतो.

खानापूर रस्त्यावरच्या एका बंगल्यात नऊ फुटी रॉड अशाच दोन ब्रॅकेटवर लावला होता. हिशेब करा: नऊ फुटांना दुप्पट घेर म्हणजे १८ फूट कापड, उंची ८ फूट, म्हणजे सुमारे साडेतेरा चौरस मीटर. पडदा आणि अस्तर मिळून चौरस मीटरला अर्धा किलो धरला तरी पावणेसात किलो, वर रॉडचं वजन वेगळं. मधला ब्रॅकेट नाही, कारण "मध्ये ब्रॅकेट आला की आयलेटचा पडदा सरकत नाही वहिनी." आयलेट म्हणजे रॉड ओवायची पडद्यातली गोल कडी, तेव्हा हे त्याचं खरंच होतं. पण त्यावर उपाय दोन रॉड किंवा ट्रॅक, मधला आधारच काढून टाकणं नव्हे. आठवड्याभरात उजवा ब्रॅकेट गिलाव्याचं ताटाएवढं खपल घेऊन खाली आला. दुसऱ्यांदा त्याने दोन इंच बाजूला भोक पाडलं, पंधरा दिवसांनी तेही सुटलं. तिसऱ्या वेळी गवंडी, रंगारी आणि नवा कारागीर असे तिघे बोलवावे लागले.

अशा भिंतीवर काय करायचं? आधी, गिलावा ओलांडल्यावर ड्रिलमधून पडणारी भुकटी बघायची. करडी आली तर लिंटलचं, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचं, काँक्रीट लागलं, निश्चिंत व्हा. तांबडी आली तर वीट किंवा जांभा. आणि ड्रिल मध्येच ‘धस्स’ करून आत गेलं तर जांभ्यातलं पोकळ. तांबडी दिसली की हॅमर बंद, नुसतं फिरवून भोक पाडायचं, गिट्टी ८ मिमीची आणि स्क्रू निदान ८० मिमीचा, म्हणजे गिलावा ओलांडून दगडात पकड मिळते. पोकळ लागलं तर जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरल्यावर घट्ट होणारा मसाला. त्याहून सोपा आणि आमच्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ३ इंच रुंद, १ इंच जाड सागवानी पट्टी खिडकीच्या पूर्ण रुंदीत पाच-सहा ठिकाणी घट्ट करायची, भिंतीचाच रंग द्यायचा आणि ब्रॅकेट पट्टीवर मारायचे. एखादं भोक ढिलं निघालं तरी बाकीची धरून ठेवतात.

आणखी एक बारीक गोष्ट. खिडकी मोठी दिसावी म्हणून रॉड दोन्हीकडे फूटभर बाहेर काढायची पद्धत आहे. पण लिंटल खिडकीच्या पुढे बहुधा सहा इंचच गेलेलं असतं. ब्रॅकेट फूटभर बाहेर नेला की तो काँक्रीट सोडून चिऱ्यात जातो. कारागिराला पहिल्याच भेटीत विचारा, "भिंत जांभ्याची आहे, काय वापरणार?" उत्तर "बसतंय की" आलं तर समजा, काय ते.

जिप्समच्या छतात ट्रॅक लावायचा असेल तर बोर्डाच्या मागे प्लायवुडची पट्टी छत करतानाच टाकून घ्यावी लागते. नुसत्या बोर्डावरचा ट्रॅक उतरतोच. मोटरच्या ब्लाइंडला खिडकीशेजारी विजेचा पॉइंट हवा, तोही गिलाव्याआधी. म्हणजे पडदेवाला घराचा रंग झाल्यावर शोधायचा माणूसच नाही. वायरमनबरोबर एकदा बोलवा, अंतिम माप मात्र फरशी झाल्यावरच घ्या.

कापडात मारलेली काटकसर

सात फुटी, म्हणजे ८४ इंची रॉडला दुप्पट घेर म्हणजे १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर साडेतीन, म्हणजे चार पॅनेल. कोटेशन स्वस्त दिसायला तीन लिहिले जातात आणि बंद केल्यावर पडदा चादरीसारखा सपाट लोंबतो. तयार उंची ८४ असेल तर खालच्या दुमडीला ६ आणि वर ४ धरून ९४ इंच, जवळपास २.४ मीटर, चार पॅनेलना ९.६ मीटर. मोठी नक्षी असेल तर ती जुळवायला आणखी कापड लागतं. हा हिशेब तुमच्यासमोर मांडून दाखवणारा दुकानदार दोन पैसे जास्त घेत असेल तर घेऊ द्या. सुती कापड कापायच्या आधी पाण्यातून काढलं का, तेही विचारा. एका पल्ल्यात आयलेट सम संख्येतच हवेत, नाहीतर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते.

बाकीच्या चुका थोडक्यात. कापडाचा नमुना दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका, घरी आणून सकाळी आणि रात्री बघा. ब्लाइंडचं बिल बहुतेक ठिकाणी ठरावीक किमान चौरस फुटांवर होतं. बाथरूमची २ बाय ३ ची खिडकी सहा फुटांची, बिल कदाचित दहाचं, तेव्हा आधी विचारा. त्याच बाथरूममध्ये लाकडी पट्ट्यांचा ब्लाइंड सांगणारा माणूस एक पावसाळा पुढचं बघत नाही. तिथे अॅल्युमिनियम किंवा पीव्हीसी. खिडकीची झडप आत उघडते का, हँडल किती बाहेर येतं, हे न बघता आतलं माप घेणाऱ्याला थांबवा. घरात लहान मूल असेल तर चेनचा फास लोंबता ठेवायचा नाही. ती ताणून भिंतीला पकडणारी क्लिप बसवून घ्या, मोकळी दोरी असेल तर गुंडाळायचा हूक जमिनीपासून पाच फुटांवर. गणपतीच्या आधी पंधरा दिवस ऑर्डर देऊन ‘चतुर्थीला पाहिजेच’ म्हणू नका. त्या दिवसांत बेळगावातला कुठलाही शिंपी हो म्हणेल, आणि कुणाकडून तरी घाईत शिवून आणेल.

पैसे असे द्या: ऑर्डरीला निम्मे, माल घरी आल्यावर आणखी चाळीस टक्के, शेवटचे दहा बसवून झाल्यावर. ते दहा हातात असताना प्रत्येक ब्लाइंड दहा वेळा वर-खाली करा, कापड एका बाजूला सरकत असेल तर तिथल्या तिथे नीट करून घ्या. ब्रॅकेटला हाताने खाली ओढ द्या, गिलाव्यात केसाएवढी चीर दिसली तरी पुन्हा बसवायला लावा. शिडी न्यायच्या आधी उरलेलं कापड, जास्तीचे हूक आणि सही केलेला मापाचा कागद मागून घ्या. चार वर्षांनी एकच पल्ला फाटला की तोच कागद शोधत बसाल.