'हात' या चिनी अक्षराबाबत या चुका टाळा

चिनी किंवा जपानी शिकायला लागलं की 'हात' या अर्थाचं अक्षर अगदी सुरुवातीलाच भेटतं. वर एक तिरकी रेघ, खाली दोन आडव्या, त्यांना छेदत उतरणारी एक उभी. चारच रेघा म्हणून आपण सैल सोडतो आणि उभ्या रेघेचं टोक डावीकडे वळवायचं ते उजवीकडे वळवतो. झालं, हाताचे 'केस' झाले! माओ त्से-तुंग यांच्या आडनावाचं अक्षर ते हेच.

दुसरी चूक मात्र बरीच खोल जाते. "याचा उच्चार काय?" असं विचारून एकच उत्तर पाठ केलं जातं. चिनीत ते चालतं, तिथे 'शोउ' एवढंच. जपानीत अस्सल देशी 'ते' आणि चिनीतून आलेला 'शु' असे दोन्ही नांदतात. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपण हातमाग म्हणतो, हस्तमाग नाही. पण हस्ताक्षर म्हणतो, हाताक्षर नाही. तसंच तिकडे पत्र म्हणजे 'तेगामी' आणि खेळाडू म्हणजे 'सेन्शु'. कोरियनमध्ये हात दुखला तर 'सोन' म्हणायचं, 'सु' फक्त जोडशब्दांत. व्हिएतनामीत हेच नातं 'ताय' आणि 'थू' यांचं. सुटा 'सु' वापरणं म्हणजे "माझा हस्त दुखतोय" म्हणणं. जपानी 'जोझु' (निपुण) आणि 'हेता' (कच्चा) या शब्दांतही हेच अक्षर आहे, पण त्यांचे उच्चार फोडत बसू नका, अख्खे पाठ करा. आणि कराटेतला 'टे' हा मुळात हा 'ते'च, दंत्य त.

आवाजावरून अर्थ ताडणं ही तिसरी चूक. हात, डोकं आणि राखणं यांची अक्षरं तीन वेगळी, पण चिनीत तिन्ही 'शोउ', सूरसुद्धा तोच. जपानीत तिन्ही 'शु', कोरियनमध्ये 'सु', व्हिएतनामीत 'थू'. त्यामुळे व्हिएतनामी 'थू दो' म्हणजे राजधानी, त्यात डोकं आहे. 'थू मोन' म्हणजे गोलरक्षक, त्यात राखण आहे. हात सापडतो 'थू कोंग'मध्ये, म्हणजे हस्तकलेत. कोरियन आणि व्हिएतनामी आज अक्षरांऐवजी ध्वनिलिपीत लिहिल्या जातात, तेव्हा नुसतं पाहून हे कळत नाही. शब्द शिकतानाच मूळ अक्षर वहीत टिपून ठेवा.

शेवटची चूक अक्षर ओळखता येऊ लागल्यावर होते. 'हात' आणि 'कागद' ही दोन अक्षरं शेजारी आली की जपानीत पत्र, चिनीत शौचालयातला कागद. 'हात' आणि 'डोकं' जोडून जपानीत मनगट होतं, कारण तिथे त्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ मान असा झालाय. दवाखान्यात तर जास्तच जपा. 'हात' आणि 'तंत्र' मिळून चिनी, जपानी, कोरियन तिघींत शस्त्रक्रिया. व्हिएतनामीत तोच 'थू थ्वात' म्हणजे युक्ती, किंवा फार तर छोटीशी वैद्यकीय प्रक्रिया. शस्त्रक्रियेला तिथे 'फौ थ्वात' म्हणतात.