आधी पापणी बघा, मग बाटली उघडा

माझ्याकडं सध्या ३४ शेळ्या आहेत, बहुतेक उस्मानाबादी. गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. नवीन शेळीपालकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, जंताचं औषध कोणतं देता?" माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. औषधाचं नाव नंतर सांगते, आधी शेळीच्या डोळ्याची खालची पापणी बघायला शिका.

मी हे नुकसान सोसून शिकले. एका पावसाळ्यात मी सगळ्या कळपाला तीन वेळा तेच पांढरं औषध पाजलं, अंदाजानं, झाकणानं मापून. तरी भाद्रपदात तीन शेळ्या गेल्या. हगवण नाही, ताप नाही, खाणंही चालू. फक्त मागं रेंगाळायच्या आणि संध्याकाळी चरून आल्या की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली दिसायची. सकाळी ती उतरायची, म्हणून मी म्हणायचे, काहीतरी चावलं असेल. तिसरी मेली तेव्हा डॉक्टरांनी तिचं पोट फाडून चौथा कप्पा उघडला. आत चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटरचे, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. मोजायला गेलो असतो तर दिवस मावळला असता.

त्या जंताचं नाव हिमॉन्कस. लोक सरसकट "आतड्यातले जंत" म्हणतात, पण हा पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हजार जंत असले की रोजचं ५० मिली, म्हणजे जवळजवळ एक कटिंग चहा. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास. आता हिशोब तुम्हीच करा. वर मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून ती बाहेर पडतात आणि उबदार ओल्या हवेत आठवड्याभरात अळी गवतावर चढायला तयार होते.

पापणी कशी बघायची

उस्मानाबादी शेळी काळी, तिच्या हिरड्याही बऱ्याचदा काळ्या. त्यामुळं तोंडात बघून रक्त कमी झालेलं कळत नाही. डोळ्यात कळतं. शेळी उजेडात घ्या, गोठ्याच्या सावलीत नको. एका अंगठ्यानं वरची पापणी मिटवून बुबुळ हलकं आत दाबा आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतली ओली त्वचा टचकन वर येते. तिचा रंग एका नजरेत बघून सोडा. जास्त वेळ धरून ठेवली तर रंग बदलतो. दोन्ही डोळे बघा आणि ज्यात जास्त फिकं दिसेल तेच खरं माना.

यासाठी फामाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड मिळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून ते नाव पडलं. पहिला रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, पाचवा खोबऱ्यासारखा पांढरा. एक आणि दोनला मी औषध देत नाही. चार आणि पाचला त्याच दिवशी देते. तीनवर अडले तर गाभण, दूध पाजणारी किंवा करडू असेल तर देते, नाहीतर पंधरा दिवसांनी पुन्हा बघते. फोटो काढून त्यावरून ठरवू नका, मोबाइल रंग खोटा दाखवतो. पांढरी पापणी म्हणजे जंतच, असंही नाही. उवा, गोचीड, उपासमार यांनीही रक्त उतरतं, म्हणून कातडीही चाळून बघा.

जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी पापणी बघते, हिवाळ्यात महिन्याला एकदा. चैत्र-वैशाखात आमचा माळ इतका तापतो की गवतावर अळी टिकत नाही, तेव्हा मी निवांत असते.

लेंडी तपासणी

पापणीवरून फक्त रक्त पिणारा जंत कळतो. बाकीच्यांसाठी लेंडी. आठ-दहा ताज्या लेंड्या, जमिनीवरच्या वाळक्या नकोत, छोट्या पिशवीत घ्या, हवा दाबून काढा, वर शेळीचा नंबर लिहा आणि थंड ठेवा, पण बर्फात गोठवू नका. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना मी एकदा नेला आणि दवाखान्यात बोलणी खाल्ली, कारण वाटेतच अंडी फुटून अळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवा.

"जंत आहेत" एवढ्या शेऱ्यावर परत येऊ नका, जंत कुठल्या शेळीत नसतात? अंडी मोजून मागा, एका ग्रॅमला किती ते. लेंडी मिठाच्या घट्ट पाण्यात कालवली की अंडी तरंगतात, आणि रेघा मारलेल्या काचेखाली ती मोजतात. मला डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. अंडाकृती पातळ कवच आणि आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी.

खरी उपयोगाची तपासणी औषधानंतरची. दिल्याच्या दिवशी एक नमुना आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांचा दुसरा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर जंत त्या औषधाला सरावलेत. माझ्याकडं तेच झालं होतं. पांढरी बाटली जवळजवळ पाणीच ठरली.

औषध द्यायचं तेव्हा

कोणतं आणि किती, हे डॉक्टर लिहून देतील. शेळी औषध मेंढीपेक्षा लवकर पचवून टाकते, त्यामुळं मेंढीचा डोस शेळीला अनेकदा कमी पडतो. पण म्हणून मनानं दुप्पट करू नका. लेव्हामिसोलसारख्या औषधात जास्तीचा डोस विषारी ठरतो. गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल टाळायचं असतं, म्हणून शेळी बोकडाला कधी लागली ती तारीख डॉक्टरांना सांगा.

वजन करा. लटकता काटा आणि गोणपाटाची झोळी पुरते. समजा डॉक्टरांनी किलोला १० मिलिग्रॅम लिहिलं आणि बाटलीवर २.५ टक्के आहे, म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. तीस किलोच्या शेळीला १२ मिली. झाकणानं नाही, सिरिंजनं. गालाच्या कडेनं जिभेच्या मागच्या भागावर सोडा, मान वर ताणू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेलं तर जंत परवडले म्हणाल. दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून घ्या.

आणि सगळ्या कळपाला एकदम नको. बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. सगळ्यांना पाजलं की मागं फक्त औषध पचवलेले जंत उरतात, आणि तेच वाढतात.

करडांचं गणित वेगळं. महिना-दोन महिन्यांच्या करडाला रक्ताची हगवण लागली तर बहुतेकदा कॉक्सिडिया नावाचा सूक्ष्म परजीवी असतो. त्यावर जंताचं औषध चालत नाही, दवाखाना गाठा. लेंडीवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. दिसायला किळसवाणे, पण मोठ्या शेळीचं फारसं बिघडवत नाहीत. लोक नेमके यालाच घाबरतात आणि फिकट पापणीकडं बघत नाहीत.

चराईचं

अळी दवाच्या थेंबातून गवतावर चढते आणि बहुतेक खालच्या चार बोटांतच राहते. म्हणून दव वाळल्यावरच सोडा आणि गवत बुडख्यापर्यंत खाऊ देऊ नका. शेवरी, बोर, बाभूळ, सुबाभूळ छाटून टांगा, उंचावरच्या पाल्यावर अळी नसते. गव्हाण उंच ठेवा, शेळी तिच्यात चढून लेंड्या टाकते. शेळ्यांमागं त्याच रानात मोठी गुरं चारली तर चांगलं, हा जंत त्यांच्या पोटात फारसा वाढत नाही. मेंढ्या आणि काळवीट मात्र वाटेकरी आहेत, त्यांच्यातही हाच जंत सापडतो. काळविटाला औषध कोण पाजणार? आपल्या शेळीची लेंडी माळावर कमी अंडी घेऊन पडेल, एवढंच आपल्या हातात.

बोकड कापला तर पाण्याच्या फोडाचं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा. त्या फोडातून कुत्र्याच्या पोटात जंत होतो आणि त्याची अंडी शेळ्यांपर्यंत येतात, माणसांपर्यंतही.

वही ठेवा. तारीख, नंबर, पापणी, औषध. माझ्या वहीत औषधाच्या रकान्यात चांदी नावाच्या शेळीचं नाव दोन पावसाळ्यांत सात वेळा आलं. दुधाला चांगली, दरवेळी दोन करडं देणारी, घरात सगळ्यांची लाडकी. गेल्या दिवाळीआधी तिला आठवडी बाजारात विकली आणि तिची एकही पाट, म्हणजे मादी करडू, पैदाशीला ठेवली नाही. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.