व्हर्च्युअल सॅम्पलिंग सुरू करताय? मग या चुका टाळा

व्हर्च्युअल सॅम्पलिंग म्हणजे नमुन्याचा कपडा खऱ्या कापडाऐवजी आधी कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये शिवून बघणं. आमची एक जीन्स होती. लेडीज, स्ट्रेच डेनिमची, कमरेला चपखल बसायला हवी अशी. कॅडमधून, म्हणजे पॅटर्न काढायच्या सॉफ्टवेअरमधून, पॅटर्न आला, थ्रीडीमध्ये शिवला, अवतारला, म्हणजे स्क्रीनवरच्या पुतळ्याला, घातला आणि बघतो तर कमरेत आख्खा हात जाईल एवढी ढिली. डिझायनर म्हणाली लूज आहे, आत घ्या. ऑपरेटरने साइड सीममधून आत घेतली, स्क्रीनवर एकदम मस्त दिसायला लागली, सगळ्यांनी माना डोलावल्या, पॅटर्न सॅम्पल रूमला गेला. दहा दिवसांनी धुऊन आलेलं सॅम्पल फिट मॉडेलला दिलं तर ते मांडीवर अडकलं ते अडकलंच, बिचारी बेल्टच्या लूपात दोन्ही अंगठे घालून ओढत होती आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. पॅटर्न मास्टरनी जीन्स घेतली, टेबलावर पसरली, टेप लावली आणि एवढंच विचारलं, "थ्रीडीत घालताना श्रिंकेज काढलं होतं का?"

श्रिंकेज म्हणजे धुतल्यावर कापड जेवढं आटतं ते, त्यासाठी पॅटर्नमध्ये माप आधीच वाढवलेलं असतं. ते कोणीच काढलं नव्हतं.

हे सगळ्यात आधी सांगतेय कारण व्हर्च्युअल सॅम्पलिंगमध्ये जे काही बिघडतं ना, त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. सॉफ्टवेअर चुकत नाही, आपण त्याला अर्धवट माहिती देतो आणि त्याने दाखवलेलं चित्र इतकं खरं दिसतं की शंकाच येत नाही. क्लो घ्या, ब्राउझवेअरचं व्हीस्टिचर घ्या, ऑप्टिटेक्स घ्या, स्टाइलथ्रीडी घ्या, सगळ्यांना हे लागू आहे.

श्रिंकेज, आणि पॅटर्नच्या बाकीच्या भानगडी

कॅडमधला प्रॉडक्शन पॅटर्न हा धुण्याआधीच्या कपड्याचा असतो. समजा कंबर धुतल्यावर 84 सेंमी हवीय आणि कापड आडवं 12 टक्के आटतं, तर पॅटर्नमध्ये कंबर 84 भागिले 0.88 म्हणजे साधारण 95.5 सेंमी असते. तुम्ही तोच पॅटर्न थ्रीडीत टाकला तर सॉफ्टवेअरला काय माहीत की हे कापड अजून आटायचंय, ते बिचारं 95.5 ची जीन्स शिवून दाखवतं. म्हणून थ्रीडीला नेहमी श्रिंकेज काढलेला फिनिश मापाचा पॅटर्न द्यायचा, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पीसला उभं-आडवं श्रिंकेज टाकायची सोय असते ती वापरायची, पण दोन्ही एकदम करायचं नाही. आणि जाता जाता, 84 मध्ये 12 टक्के मिळवले की झालं असं समजणारेही भेटतात, ते 94.1 येतं, धुतल्यावर 82.8 होतं, म्हणजे सव्वा सेंटीमीटर कमी. फिटेड जीन्समध्ये सव्वा सेंटीमीटर म्हणजे खूप झालं.

दुसरी भानगड डीएक्सएफची, म्हणजे कॅडमधून थ्रीडीत पॅटर्न नेणाऱ्या फाइलची. फाइल उघडल्यावर शर्ट एकतर बाहुलीचा किंवा राक्षसाचा दिसला तर घाबरू नका, युनिट चुकलंय, मिलिमीटरची फाइल सेंटीमीटर किंवा इंच म्हणून उघडलीय, किंवा उलट. हे लगेच कळतं म्हणून मला त्याची भीती नाही. भीती त्या गोष्टींची, ज्या दिसत नाहीत. नॉच म्हणजे जोडायच्या खुणा गायब होतात, ग्रेनलाइन म्हणजे कापडाच्या धाग्याची दिशा फिरते, डार्टची म्हणजे टक्सची आतली रेघ येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिलाईच्या रेघेऐवजी कटिंगची रेघ शिवली जाते. शिलाईचं मार्जिन 1 सेंमी असेल तर प्रत्येक शिलाईला दोन्ही बाजूंचा मिळून 2 सेंमी जास्तीचा कपडा, दोन साइड सीम म्हणजे छातीत 4 सेंमी, जवळपास एक साइझ वाढलाच की. इंपोर्ट केल्या केल्या शिवायच्या आधी छाती, कंबर, बाही, लांबी अशी चार-पाच मापं पॅटर्नवरच मोजायची आणि टेक पॅकशी, म्हणजे त्या स्टाइलच्या मापांच्या कागदाशी, जुळवायची. पाच मिनिटं लागतात. जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"कॉटन आहे ना, मग कॉटनचा प्रीसेट लाव"

ही चूक जवळपास प्रत्येक नवीन टीम करते. सॉफ्टवेअरबरोबर तयार कापडं येतात, व्हिस्कोस, पॉपलिन, डेनिम, सगळं, आणि वाटतं की नाव जुळलं म्हणजे काम झालं. पण एकाच नावाखाली दहा प्रकारची कापडं असतात. एक व्हिस्कोस पाण्यासारखं खाली पडतं, दुसरं फिनिशिंगमुळे थोडं ताठ असतं, आणि फ्लेअर असलेल्या ड्रेसचा घेर या फरकावरच ठरतो. कापडाचं वजन, जाडी, उभा-आडवा-तिरका ताण आणि ते किती सहज वाकतं, एवढं तरी खऱ्या कापडावरून मोजलेलं हवं. यासाठी टेस्टिंग किट आणि मशीन मिळतात, काही गिरण्या कापडाची डिजिटल फाइल स्वतःच देतात, मागून बघा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

किट नसेल तोपर्यंत घरगुती तपासणी तरी करा. 10 बाय 10 सेंमीचा तुकडा नीट कापून बारीक काट्यावर ठेवा, जेवढे ग्रॅम येतील त्याला 100 ने गुणा, झाला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. 1.45 ग्रॅम आलं तर 145 जीएसएम. मग त्याच कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून बाहेर सरकवत न्या आणि किती बाहेर आल्यावर ती मान टाकते ते बघा, तीच पट्टी थ्रीडीत बनवून तशीच सोडा, दोन्ही सारखी वाकली तर तुमचा वाकण्याचा आकडा बरोबरच्या आसपास आहे. पट्टी घेताना कापड धुतलेलं, फिनिश झालेलं घ्या, थानावरून नुकतं उतरवलेलं निट, म्हणजे होजियरीसारखं कापड, असेल तर एक दिवस मोकळं पडू द्या, ताणलेल्या अवस्थेत मोजलं तर आकडे खोटे येतात.

अजून एक, कॅनव्हास आणि फ्यूझिंग, म्हणजे कपड्याचा भाग ताठ राहावा म्हणून आतून लावायचा थर. कॉलर लोळतेय, कफ मऊ पडलाय, प्लॅकेट म्हणजे बटणपट्टी लाटांसारखी वळतेय असं स्क्रीनवर दिसलं की लोक पॅटर्न दुरुस्त करायला धावतात. अहो, आधी बघा त्या पीसला फ्यूझिंग लावलंय का. बहुतेक वेळा नसतंच लावलेलं.

अवतार कोणाचा आहे?

सॉफ्टवेअरबरोबर येणारा अवतार उंच, सडपातळ, सुंदर. तुमचा ग्राहक तसा आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं, तुमची फिट मॉडेल किंवा डमी तशी आहे का? कंपनीचा बेस साइझ ज्या अंगावर ठरला त्याच अंगाची मापं अवतारला हवीत. नुसती छाती-कंबर-हिप टाकून भागत नाही, खांद्याचा उतार, पाठीची लांबी, क्रॉच डेप्थ म्हणजे कमरेपासून बैठकीपर्यंतची खोली, हे सगळं जुळवावं लागतं, नाहीतर छाती बरोबर पण खांद्याची शिलाई पुढे घसरलेली असं काहीतरी होतं आणि दोष पॅटर्नवर येतो. डमी अल्वॅनॉनसारख्या कंपनीची असेल तर तिचाच डिजिटल अवतार मिळतो, तो घेणं सगळ्यात सोपं.

आता एक बारीक गोष्ट. क्लोमध्ये अवतारच्या अंगावर स्किन ऑफसेट नावाचं सेटिंग असतं, म्हणजे कापड आणि त्वचा यांच्यात सोडलेलं अंतर, डिफॉल्ट 3 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण गोलाकार अंगाभोवती सगळीकडून 3 मिमी सोडलं की घेर 2 गुणिले 3.14 गुणिले 3, म्हणजे जवळजवळ 19 मिमीने वाढतो. म्हणजे तुमचा अवतार कमरेला सुमारे 2 सेंमी जाड झाला आणि कोणाला पत्ताच नाही! सैल शर्टात फरक पडत नाही, पण लेगिंग, फिटेड टॉप, जीन्स तपासताना ते शून्यावर आणा. कापडाची कोलिजन थिकनेसही, म्हणजे सॉफ्टवेअर कापडाला धरतं ती जाडी, तशीच एकदा बघून घ्या.

आणि अवतार कडक असतो, हे विसरू नका. खरं पोट बेल्टखाली दबतं, मांडी आत जाते, अवतारचं अंग साधारणपणे तसं दबत नाही. त्यामुळे ब्रा, शेपवेअर, घट्ट जीन्स यांचा फिट निव्वळ स्क्रीनवर पास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कोणी काहीही म्हणो.

स्क्रीनवर विचित्र दिसतंय? पॅटर्नला हात लावायच्या आधी हे बघा

कापड जाड रबरासारखं, मोठमोठ्या घड्या पडलेलं दिसत असेल तर पार्टिकल डिस्टन्स बघा, म्हणजे सॉफ्टवेअर कापडाचं जे जाळं बनवतं त्यातल्या बिंदूंमधलं अंतर. क्लोमध्ये तो सुरुवातीला 20 मिमी असतो, शिवताना तेवढाच ठेवा म्हणजे कॉम्प्युटर अडखळत नाही, पण फिट बघायच्या वेळी 10 वर आणि शेवटी 5 वर आणा. 20 वर दिसणाऱ्या सुरकुत्यांवरून काखेचा आकार बदललेला मी पाहिलाय, तो नंतर परत पूर्ववत करावा लागला. कपडा थरथरतोय किंवा अंगातून आरपार जातोय तर लेयरचा क्रम उलटा असेल किंवा एखादी शिलाई उलट दिशेने जोडली गेली असेल. शिलाईवर चुण्या पडतायत तर दोन्ही बाजूंची लांबी मोजा, बाहीच्या टोपात इज, म्हणजे थोडी जास्तीची लांबी, मुद्दाम दिलेला असतो, पण साइड सीमला 7 मिमीचा फरक आला तर तो पॅटर्नचा खरा दोष आहे आणि तो आत्ता, कापड कापायच्या आधी सापडला ही या पद्धतीची खरी कमाई.

स्ट्रेन मॅप, म्हणजे कपड्यावरचा ताण रंगांत दाखवणारं चित्र, लाल दिसला की "टाइट आहे" असं म्हणून मोकळे होणारे खूप. तो रंग कापड किती ताणलं गेलं ते सांगतो, घालणाऱ्याला कसं वाटेल ते नाही. लायक्राच्या टीशर्टला 15 टक्के ताण काहीच नाही, विणलेल्या पॉपलिनला तेवढा ताण आला तर शिलाई उसवेल. रंग बघताना कापडाची ताणायची कुवत शेजारी लिहून ठेवा.

रंग आणि प्रिंट, यावर थोडक्यात: कॅलिब्रेट न केलेल्या मॉनिटरवर रंग पास करू नका, लॅब डिप आणि स्ट्राइक-ऑफ, म्हणजे रंगाचे आणि प्रिंटचे खऱ्या कापडावरचे नमुने, चालूच ठेवा. प्रिंटचा रिपीट सेंटीमीटरमध्ये टाका, अंदाजाने ओढून मोठा-छोटा करू नका.

माणसांच्या बाबतीत होणारी चूक

बऱ्याच ठिकाणी काय होतं, सॉफ्टवेअर येतं, एखादा ग्राफिक्स येणारा हुशार मुलगा किंवा मुलगी ठेवतात, त्यांना वेगळ्या खोलीत बसवतात, आणि पॅटर्न रूमला कळवतात की आता सॅम्पल कॉम्प्युटरवर होणार. ज्या मास्टरनी पंचवीस वर्षं हाताने खांदे बसवलेत त्यांना वाटतं आपली गरज संपली, आणि ते गप्प होतात. त्यांचं गप्प होणं कंपनीला सगळ्यात महाग पडतं, कारण स्क्रीनवरची सुरकुती पॅटर्नची की सेटिंगची हे ओळखणारी नजर त्यांच्याकडेच असते.

त्या जीन्सनंतर आम्ही मास्टरची खुर्ची ऑपरेटरच्या शेजारी आणली. पहिले दोन दिवस ते नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, पाठीमागे योकच्या खाली ओढ दिसतेय ना, सीट लांबी कमी आहे, अर्धा सेंटी वाढव." वाढवलं, ओढ गेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. त्यानंतर ते स्वतःच हाक मारायला लागले, अवतार बसव, चालव, गुडघा वाकव.

याच्याशी जोडलेली एक चूक म्हणजे दोन पॅटर्न तयार होणं. ऑपरेटर थ्रीडीत गळा दुरुस्त करतो, पण तो बदल कॅडमध्ये परत जातच नाही, मग कारखान्याला जुना गळा जातो आणि बोलणी सप्लायरला बसतात. पॅटर्नची मूळ फाइल कुठली ते एकदा ठरवा, बदल तिथेच करा, आणि फाइलच्या नावात स्टाइल नंबर, साइझ, व्हर्जन, तारीख हे सगळं असू द्या. "फायनल", "फायनल नवीन", "खरंच फायनल" अशा नावांनी आख्खी सीझन बुडते.

सगळं एकदम बदलू नका, पण दोन्ही एकदम चालवूही नका

सुरुवात कशाने करायची? नवीन कलेक्शनने नाही. आधीच पास होऊन विकलेली एखादी साधी स्टाइल घ्या, जिचं सीलर, म्हणजे शेवटचं मंजूर झालेलं, सॅम्पल कपाटात लटकलेलं आहे, तीच थ्रीडीत बनवा आणि शेजारी शेजारी ठेवून मापं घ्या. खऱ्या कपड्यात जो दोष आहे, समजा बाही थोडी मागे वळते, तो स्क्रीनवर दिसला पाहिजे. नाही दिसला तर सेटिंगमध्ये काहीतरी खोटं आहे. अशा तीन-चार स्टाइल जुळल्या की मग नवीन काम.

आणि कुठल्या फेरीचं खरं सॅम्पल बंद होणार हे कागदावर लिहा. हे न लिहिल्यामुळे काय होतं की थ्रीडी पण होतं, आणि "एक मागवून ठेवू" म्हणून प्रोटो, म्हणजे पहिलं खरं सॅम्पल, पण येतो, खर्च दुप्पट, मग वरचे लोक म्हणतात हे सॉफ्टवेअर काही उपयोगाचं नाही. माहितीतल्या ब्लॉकवरच्या, म्हणजे आधी बसलेल्या मूळ पॅटर्नवरच्या, स्टाइलचा प्रोटो बंद करा, डिझाइनची चर्चा, लांबी, खिशाची जागा, रंगांचे पर्याय, हे सगळं स्क्रीनवर होऊ शकतं. नवीन ब्लॉक किंवा नवीन कापड असेल तर एक फिट सॅम्पल खरंच शिवा. पीपी, म्हणजे प्रॉडक्शनच्या आधीचं, सॅम्पल कधीही बंद करू नका, कारण ती कारखान्याच्या मशीनची, धाग्याची, शिलाईची आणि धुलाईची परीक्षा असते, ती स्क्रीनवर देताच येत नाही.

फिट मोबाइलवर आलेल्या एका स्क्रीनशॉटवरून पास करायची सवयही मोडा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, बसलेला, हात वर केलेला, आणि शेजारी मापांचा तक्ता, एवढं समोर असेल तरच सही. खरं सॅम्पल आल्यावर स्क्रीनवरचं माप आणि हातातलं माप एकाच वहीत लिहा, कापडाच्या नावासकट. आमच्या वहीत त्या डेनिमसमोर आता आटण्याचे दोन आकडे आहेत, कारण पुढच्या लॉटला तेच कापड 12 ऐवजी 9 टक्केच आटलं, आणि ते थ्रीडीत टाकायच्या आधी मास्टरनी तुकडा धुऊन बघितला म्हणून कळलं.