जुनी स्पोर्ट्स कार घेताय? रंग नव्हे, पत्रा बघा

इंग्लंडमधला पावसाळी हिवाळा सरला आणि दोन दिवस ऊन पडलं, की आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. "दादा, एमजीबी घेऊ की ट्रायम्फ? की सरळ माझदा एमएक्स-५?" प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फोटो बघून गाडी आधीच पक्की केलेली असते. त्याला माझ्याकडून फक्त "घे" एवढंच ऐकायचं असतं. गेली कित्येक वर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. उदाहरणं जास्त करून एमजीबीची देतो, कारण माझे हात तिच्यातच काळे झाले आहेत.

रंगावर भाळणे

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्याच ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे तिचं काहीही मिळतं. १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा पुन्हा बनते आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं काम सवडीने, घरच्या गॅरेजमध्ये करता येतं. पत्रा सडला असेल तर मात्र गाडी पूर्ण उघडावी लागते.

या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालून जाणारा सिल हाच तिचा कणा. वर छप्पर नसल्यामुळे रोडस्टरचा सगळा भार त्याच्यावर येतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर आत जाऊन बसतं आणि सिल आतून खायला लागतं. बाहेरून दिसेपर्यंत आतला थर सडलेला असतो.

माझ्या ओळखीच्या एका पुण्याच्या मुलाने अशीच एक लालभडक रोडस्टर घेतली. रात्री फोटो बघितले, सकाळी पैसे भरले, आणि शनिवारी पेढ्यांचा डबा घेऊन ती दाखवायला आला. दार लावताना मला दिसलं, की मागच्या बाजूची फट खाली बोटभर आहे आणि वर जेमतेम नखाएवढी. म्हणजे गाडी मधोमध बसली होती. मी काही न बोलता दाराखालच्या जागेवर जॅक लावला. दोन-चार फेऱ्या फिरवल्या, तरी चाक जमिनीवरून हलेना. नुसता करकर आवाज येत होता. जॅक पत्र्याच्या आत शिरत होता. पुढे वेल्डरने सिल कापला तेव्हा आतून चुरगळलेली वर्तमानपत्रं निघाली. त्यावर पुट्टी, त्यावर एक पातळ पत्रा आणि त्यावर तो सुंदर लाल रंग. दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले आणि तो अख्खा उन्हाळा तिने वेल्डरकडेच काढला. मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. आठवडाभर थांबला असता, तर त्याच पैशात चांगली गाडी मिळाली असती.

सिल दोन्हीकडे मडगार्डच्या पत्र्याखाली जातो. त्यामुळे तो नीट बदलायचा तर मडगार्डचा खालचा भाग कापावाच लागतो. ते टाळून जुन्या गंजावरच नवा पत्रा चिकटवणारे पुष्कळ आहेत, आणि तसल्या कामाचा मला मनापासून राग आहे. "सगळं वेल्डिंग झालंय" असं विकणारा म्हणाला, की मी काम चालू असतानाचे फोटो मागतो. ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे ते असतातच, आणि तो ते उत्साहाने दाखवतो.

माझी पद्धत साधी आहे. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि टॉर्च. चुंबक दाराखाली आणि चाकांच्या कमानीवर फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. गालिचा उचलून तळ बघायचा. सीटमागे बॅटरीची जागा असते, तीही बघायची. पावसात गाडी बघायला जायचं नाही, ओला रंग सगळं झाकतो. जॅक मात्र मालकाला विचारूनच लावायचा, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

ट्रायम्फ टीआर-६ ला वेगळी चासी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती मागच्या सस्पेन्शनच्या जोडांपाशी गंजते. जुन्या एमएक्स-५ मध्ये छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात आणि मागच्या चाकांपुढचा सिल सडतो.

गरम इंजिन बघून खूश होणे

मी फोनवरच सांगतो, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवतो. ते कोमट लागलं तर सुरू होतानाचा धूर आणि खडखड आपल्यापासून लपली, असं समजा. चहा घ्या, गप्पा मारा, इंजिन थंड होऊ द्या. तेवढाही धीर ज्यांना नाही, त्यांनी जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर वीस मिनिटं चालवून ऑइलच्या दाबाचा काटा बघा. एमजीबी रस्त्यावर गरम असताना काटा पन्नास पीएसआयच्या आसपास किंवा वर हवा. उभी असताना काटा खाली येणारच, त्याला घाबरू नका.

ट्रायम्फ स्पिटफायर किंवा टीआर-६ असेल तर एकाला क्लच दाबायला सांगा आणि इंजिनच्या पुढची पुली बघा. डोळ्यांना दिसेल इतकी ती पुढे-मागे सरकली, तर तिथूनच परत फिरा.

बाकीच्या चुका

क्रोम बंपरचा हट्ट. १९७४ च्या शेवटी एमजीबीला काळे रबरी बंपर आले, गाडी उंच झाली, आणि म्हणून ती स्वस्त मिळते. सडक्या क्रोमपेक्षा धड पत्र्याची रबरी मी केव्हाही घेईन.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, आहे एवढं ऐकून समाधान मानणे. चालवताना बटण दाबून बघा.

तारांची चाकं बघून हरखणे. गाडी पुढे-मागे करताना टक् असा आवाज आला, तर आतले दाते झिजलेत.

किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळ्याला, ग्रीस न देणे. मालकाला ग्रीसगन कुठे ठेवलीय ते विचारा, उत्तर लगेच यायला हवं.

पंपावर हाताला लागेल ते पेट्रोल भरणे. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं आहे. त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात. मी कमी इथेनॉलचं ई-५ च भरतो.

आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची इथली वार्षिक तपासणी. चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला ती लागत नाही, म्हणून कित्येक जण जुना इतिहाससुद्धा बघत नाहीत. तो सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसतो. मी तो जुन्याकडून नव्याकडे वाचतो. एखाद्या वर्षी सिलवर गंज लिहिलाय आणि पुढच्या वर्षी तो शेरा नाही, तर मालकाला त्या मधल्या वर्षाचं वेल्डरचं बिल मागतो.