वाचायला जड जातंय? मोबाइललाच वाचायला लावा

डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचणं अवघड जाण्याची अडचण) असेल, अक्षरं जागा बदलल्यासारखी वाटत असतील किंवा दोन ओळींतच डोळे थकत असतील, तर मोबाइलकडून मजकूर वाचून घेता येतो. सोय फोनमध्ये आधीपासूनच असते, पैसे पडत नाहीत. फक्त सेटिंग्जमध्ये ती इतकी आत दडलेली असते की बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक आणि आयफोनमधलं व्हॉइसओव्हर चालू करू नका. ती ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत. ती चालू केली की फोन वापरण्याची रीतच बदलते: एकदा टॅप केलं की नुसतं नाव ऐकू येतं, उघडण्यासाठी दोनदा टॅप करावं लागतं. चुकून चालू झालंच तर घाबरू नका. सेटिंग्जमधलं चालू-बंदचं तेच बटण एकदा टॅप करून निवडा, मग दोनदा टॅप करा, म्हणजे बंद होईल.

अँड्रॉइडवर हवं ते ‘सिलेक्ट टू स्पीक’. सेटिंग्ज, मग अॅक्सेसिबिलिटी उघडा, तिथे हे नाव शोधा आणि त्याचा शॉर्टकट चालू करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूची मांडणी थोडी वेगळी असते, म्हणून न सापडल्यास सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत नाव टाइप करा. शॉर्टकटचं छोटं बटण दिसू लागलं की ते दाबा आणि हवा तो परिच्छेद टॅप करा. जास्त मजकूर हवा असेल तर त्यावरून बोट ओढा. वाचला जाणारा शब्द स्क्रीनवर उठून दिसतो. ही सोय बंद करू नका. कानावर पडणारा शब्द डोळ्यांनाही सापडत राहिला की ओळ हातची सुटत नाही.

आयफोनवर सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, मग ‘स्पोकन कंटेंट’ (नव्या आवृत्त्यांत नाव बदललेलं दिसू शकतं). तिथे ‘स्पीक सिलेक्शन’ (निवडलेला मजकूर वाचणारं) आणि ‘स्पीक स्क्रीन’ (पूर्ण पान वाचणारं) दोन्ही चालू करा. मग दोन बोटांनी वरच्या कडेपासून खाली ओढलं की पूर्ण पान वाचलं जातं. वाचला जाणारा मजकूर उठून दिसावा म्हणून ‘हायलाइट कंटेंट’ही इथेच चालू करून घ्या.

आता आवाज. इथेच बरेच जण अडतात आणि कंटाळून सोय सोडून देतात. मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकला तर ‘चमचा’ आणि ‘जहाज’ कानाला खटकतात, कारण मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि हिंदी आवाजाला त्यातला एकच माहीत असतो. म्हणून अँड्रॉइडवर ‘टेक्स्ट-टू-स्पीच’च्या (मजकूर बोलून दाखवण्याच्या) सेटिंगमध्ये जा, गूगलचं इंजिन निवडा, त्याच्या गिअरच्या चिन्हातून मराठी आवाजाचा डेटा उतरवून घ्या आणि भाषा मराठी करा. एकदा उतरवला की तो इंटरनेटशिवायही चालतो. आयफोनवर ‘व्हॉइसेस’च्या यादीत मराठी शोधा.

वेग तिथेच ठरवता येतो. सुरुवातीला जरा कमी ठेवा, कान रुळले की वाढवा. माझ्या मते पहिल्या दिवशीच वेगाची घाई करणं ही सगळ्यात मोठी चूक.

फोन काहीच वाचत नसेल तर बहुधा तो मजकूर नसून फोटो असतो, उदाहरणार्थ स्कॅन केलेली पीडीएफ. अशा वेळी सिलेक्ट टू स्पीकच्या सेटिंग्जमध्ये चित्रातला मजकूर वाचण्याचा पर्याय चालू करून पाहा. मराठी असूनही फोन अगम्य काहीतरी बडबडत असेल, आणि आवाज मराठीच निवडलेला असेल, तर बहुधा तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. मग आवाज बदलून उपयोग नाही, पाठवणाऱ्याकडे युनिकोडमधली प्रत मागा.

चारचौघांत ऐकायचं असेल तर इअरफोन लावा, खासगी मेसेज मोठ्याने वाचला जायला नको.