एम७४ मधल्या तारकागुच्छांचं वय: अतिनील प्रतिमांवरून कसं काढावं

नुसत्या दृश्य प्रकाशात गुच्छाचा रंग फसवतो. धुळीत दडलेला ५० लाख वर्षांचा गुच्छ आणि अब्जावधी वर्षांचा म्हातारा गुच्छ, दोन्ही तांबूसच दिसतात. तरंगलांबी बदलत जाते तसा धूळ रंग हळूहळू बदलते, पण वयामुळे ३६५ नॅनोमीटरपाशी प्रकाशात उडी येते. ती पकडायला त्या रेषेच्या अलीकडची, म्हणजे २७५ आणि ३३६ नॅनोमीटरची मोजमापं हवीत.

सरावाला मीन राशीतली एम७४ (एनजीसी ६२८) ही दीर्घिका घ्या. अंतर सुमारे ९.९ मेगापारसेक, म्हणजे ३.२ कोटी प्रकाशवर्षं. हबल दुर्बिणीच्या लीगस या अतिनील दीर्घिका-सर्वेक्षणातल्या तिच्या पाच फिल्टरांच्या प्रतिमा मास्ट या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतात. त्यातला एक पिक्सेल ०.०४ आर्कसेकंदाचा, म्हणजे या अंतरावर सुमारे १.९ पारसेक. गुच्छाची अर्धप्रकाश त्रिज्या (जिच्यात त्याचा निम्मा प्रकाश येतो) साधारण ३ पारसेक, त्यामुळे तो ताऱ्यापेक्षा जेमतेम रुंद दिसतो. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीची धार (ओळखू येणारा सर्वांत बारीक तपशील) सुमारे १.४ आर्कसेकंद, इथे जवळपास ६७ पारसेक. तिथे सुटे गुच्छ नाही, त्यांचे पुंजकेच दिसतील. मात्र २८ आर्कमिनिटांच्या क्षेत्रात अख्खी दीर्घिका मावते. बाहेरच्या कडांवरची तारानिर्मिती पाहायची तर यूव्हीआयटीच घ्यावी.

गुच्छ शोधताना अतिनील प्रतिमेपासून सुरुवात करू नका. यादीत फक्त तरुण गुच्छ येतील आणि वयाचं वितरण आधीच वाकडं होईल. सोर्स एक्स्ट्रॅक्टर हे प्रतिमेतले स्रोत शोधणारं सॉफ्टवेअर एफ५५५डब्ल्यू या दृश्य प्रकाशाच्या फिल्टरवर चालवा. मग प्रत्येक उमेदवाराची प्रत (तेजाचा आकडा, लहान म्हणजे जास्त तेजस्वी) १ आणि ३ पिक्सेल त्रिज्येत मोजून वजाबाकी करा. तारे एका टोकाला गोळा होतात, गुच्छ त्यापलीकडे पसरतात. एम७४ साठी या फरकाची सीमा १.३ ते १.४ च्या आसपास पडते, पण सुटे तारे आणि ठळक गुच्छ हाताने निवडून ती स्वतः ठरवा. निरपेक्ष प्रत (१० पारसेक अंतरावरून दिसली असती ती) –६ पेक्षा मंद असलेलं सगळं गाळा (इथे दृश्यप्रत साधारण २४), नाहीतर एकटेदुकटे महाराक्षसी तारे घुसतात. उरलेले सगळे डोळ्यांनी पाहा. ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी टाळू नये.

प्रकाशमापन ४ पिक्सेल त्रिज्येत करा, पार्श्वभूमी ७ पिक्सेलवरच्या १ पिक्सेल रुंद कड्यातून घ्या. कडं रुंद केलं की सर्पिल भुजेतला शेजारचा गुच्छ त्यात येतो आणि तुमचा गुच्छ खोटा मंद होतो. वर्तुळाबाहेर राहिलेल्या प्रकाशाची दुरुस्ती फिल्टरागणिक वेगळी काढा. एकच आकडा सगळीकडे वापरला तर रंगच बिघडतात.

सर्वाधिक घात शून्यबिंदूत, म्हणजे मोजलेल्या प्रकाशाचं प्रतीत रूपांतर करणाऱ्या आकड्यात होतो. एफ२७५डब्ल्यू या २७५ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये प्रत मोजण्याच्या एबी आणि व्हेगा या दोन पद्धतींत सुमारे १.५ प्रतीचा फरक आहे. वयानुसार रंग सांगणारं मॉडेल एबीत आणि मोजमाप व्हेगात असेल तर गुच्छ आहे त्यापेक्षा तरुण ठरतो, कारण व्हेगातला आकडा अतिनीलमध्ये लहान, म्हणजे जास्त तेजस्वी. प्रतिमेच्या फाइलीच्या शीर्षकातल्या (हेडरमधल्या) पीएचओटीएफएलएएम आणि पीएचओटीपीएलएएम या किमतींवरून एबी शून्यबिंदू काढा: –२.५ लॉग(पहिली) – ५ लॉग(दुसरी) – २.४०८. कच्च्या फाइलींपासून सुरुवात असेल तर एफएलटी नव्हे, वाचनातला तोटा दुरुस्त केलेल्या एफएलसी घ्या. कॅमेऱ्यातली जुनी होत चाललेली सीसीडी वाचन होताना इलेक्ट्रॉन गमावते, आणि मंद अतिनील पार्श्वभूमीवर हा तोटा सर्वात जास्त जाणवतो.

आकाशगंगेची धूळ आधी वजा करा: दृश्यात सुमारे ०.१९ प्रत, २७५ नॅनोमीटरला त्याच्या जवळपास दुप्पट. मगच मॉडेल बसवा, वय, वस्तुमान आणि दीर्घिकेतली धूळ तिन्ही मोकळी ठेवून. किमान चार फिल्टरांत चूक ०.३ प्रतीपेक्षा कमी हवी. अतिनीलमध्ये न दिसलेला गुच्छ फेकू नका, तिथल्या तेजाची कमाल मर्यादा गणितात घाला. तो म्हातारा किंवा धुळीत दडलेला असण्याचा पुरावा तीच आहे. निकाल १ कोटी वर्षांखाली आला तर एच-अल्फा (हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातल्या) प्रतिमेत त्याभोवती तापलेला वायू आहे का पाहा.

सुमारे ५००० सूर्यवस्तुमानाखालच्या गुच्छांचा रंग एकदोन जड तारेच ठरवतात. तिथे एक वय छापू नका, संभाव्यतेचा पूर्ण पट्टा द्या.