सर्वोच्च न्यायालयाच्या सुधारणांवर वादसभा ठेवण्याआधी

सभागृह, माईक, खुर्च्या, चहा ही यादी पुण्यात कुणालाही पाठ असते, ती इथे देत नाही. सर्वोच्च न्यायालयात काय बदल व्हावेत यावर वादसभा ठेवायची तर खरी तयारी कागदावर होते. ती तीन आठवडे आधी सुरू करा.

आधी विषय कापा. ‘न्यायव्यवस्थेतील सुधारणा’ हा दोन तासांत मावणारा विषय नाही. तीन ठराव घ्या, चौथा नको. प्रत्येक ठरावाला बाजूने सहा मिनिटं, विरोधात सहा, एकमेकांना प्रश्न विचारायला चार आणि श्रोत्यांना दहा अशी सव्वीस मिनिटं लागतात. तीन ठरावांचे अठ्ठ्याहत्तर झाले. प्रास्ताविक, मतदान आणि उशीर धरला की दोन तास भरतात. ठराव असा लिहा की ऐकणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता यावं. ‘नियुक्त्यांमध्ये पारदर्शकता हवी’ हा ठराव नव्हे, त्याला नाही कोण म्हणणार? ‘न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६८ करावं’ हा ठराव आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक ठरावाखाली एक ओळ लिहा: हा बदल कोण करू शकतं आणि कोणत्या मार्गाने. मागच्या वेळी नेमकी हीच ओळ राहिली होती. ती नसली की एक वक्ता संसदेला जाब विचारतो, दुसरा सरन्यायाधीशांना, तिसरा सरकारला, आणि तिघेही एकाच प्रस्तावावर बोलत असूनही त्यांची गाठ पडत नाही. मार्ग लिहा. वक्त्यांना निमंत्रण पाठवण्याआधी लिहा, कारण वक्ता कोण हवा हेही त्यावरच ठरतं.

मार्ग ढोबळमानाने पाच. पहिला घटनादुरुस्तीचा, आणि इथे बहुतेकांची चूक होते. ६५ वर्षांची मर्यादा अनुच्छेद १२४ मध्ये आहे. हा अनुच्छेद घटनेच्या पाचव्या भागातल्या चौथ्या प्रकरणात येतो आणि अनुच्छेद ३६८ नुसार त्या प्रकरणाला हात लावायचा तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत तर लागतंच, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २८ राज्यं धरली तर १४. ‘संसदेने एक विधेयक आणावं’ असं म्हणणाऱ्या वक्त्याला हा आकडा समोर दिसलाच पाहिजे.

दुसरा मार्ग साध्या कायद्याचा. न्यायाधीशांची संख्या वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही, १९५६ चा संख्या-कायदा बदलला की झालं. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ जण होते. २०१९ च्या दुरुस्तीने सरन्यायाधीश सोडून ३३ झाले. मंजूर संख्या आणि प्रत्यक्ष भरलेली पदं हे दोन्ही आकडे सभेच्या आदल्या दिवशी पुन्हा पडताळा. मात्र मार्ग सोपा म्हणजे ठराव शहाणा असं नाही, हे विरोधी वक्त्याच्या टिपणात हवंच. न्यायाधीश वाढले की दोन-दोन न्यायाधीशांची पीठं वाढतात, एकाच प्रश्नावर वेगवेगळे निकाल येण्याची शक्यता वाढते आणि मग तो गोंधळ मिटवायला मोठं पीठ बसवावं लागतं. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान पाच न्यायाधीश लागतात.

तिसरा मार्ग न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांचा. ते अनुच्छेद १४५ खाली होतात आणि त्याला राष्ट्रपतींची मान्यता लागते. २०२४ मध्ये उन्हाळी सुट्टीचं ‘आंशिक कामकाजाचे दिवस’ असं नामकरण झालं ते नियम बदलूनच. चौथा मार्ग न्यायालयाच्या प्रशासकीय निर्णयाचा. कोणतं प्रकरण कोणत्या पीठाकडे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात. १२ जानेवारी २०१८ रोजी चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेतली तिचा एक मुख्य मुद्दा हाच होता, आणि त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने हा अधिकार सरन्यायाधीशांचाच असल्याचा निकाल दिला. न्यायाधीशांची मालमत्ता संकेतस्थळावर जाहीर करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये सर्व न्यायाधीशांच्या बैठकीत झाला आणि मे महिन्यात तपशील झळकलेही. एका बदलाला चौदा विधिमंडळं लागतात, दुसऱ्याला एक बैठक पुरते. म्हणून म्हणतोय, मार्ग लिहा.

पाचवा मार्ग निकालाचा, आणि न्यायवृंदावर ठराव असेल तर यावर पूर्ण एक पान द्या. नियुक्तीसाठी न्यायाधीशांची नावं सुचवणारा, सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीशांचा न्यायवृंद घटनेत शोधून सापडणार नाही. १९९३ च्या निकालातून तो आला आणि १९९८ च्या मतप्रदर्शनाने पाच जणांचा झाला. त्याआधी १९८१ च्या निकालाने सरकारचा शब्द वरचढ ठरवला होता. २०१४ मध्ये संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती केली, निम्म्याहून अधिक राज्यांनी संमती दिली, राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा झाला, आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दोन्ही रद्द केलं. न्या. चेलमेश्वर यांचं मत वेगळं होतं. ते वाचल्याशिवाय आयोगाच्या बाजूने कुणालाही उभं करू नका. आयोगात सहा जण होते: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. त्यातल्या कोणत्याही दोघांनी नकार दिला की नाव अडत होतं. न्यायालयाचा मुख्य आक्षेप न्यायाधीशांचा वरचष्मा जाण्याला होता. म्हणजे अशा ठरावाखाली मार्गाची ओळ एक पुरत नाही. दुसरीही लिहा: हा बदल मूलभूत चौकटीच्या, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्याच्या, कसोटीवर टिकेल का, आणि कशामुळे? ‘आयोग परत आणा’ एवढंच म्हणणाऱ्याला ही दुसरी ओळ विचारा. ‘आहे ते बरं आहे’ म्हणणाऱ्यालाही सोडू नका. नावं का नाकारली जातात आणि सरकारकडे का पडून राहतात याचं उत्तर त्याच्याकडे हवं.

प्रादेशिक पीठांचा ठराव घेणार असाल तर अनुच्छेद १३० छापा. न्यायालय दिल्लीत किंवा सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या मान्यतेने ठरवतील अशा अन्य ठिकाणी बसेल, एवढंच तो म्हणतो. विधी आयोगाने २००९ च्या २२९ व्या अहवालात दिल्लीत घटनापीठ आणि दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता, मुंबई इथे अपिलांची चार पीठं सुचवली. अनुच्छेद १३० चा उदार अर्थ लावला तर घटनादुरुस्तीही लागू नये, असं आयोगाचं म्हणणं होतं. संसदीय स्थायी समितीनेही २०२३ मध्ये प्रादेशिक पीठांचा आग्रह धरला. तरीही हे का होत नाही? कारण या मार्गाची किल्ली न्यायालयाकडे आहे आणि न्यायालयाने ही कल्पना वेळोवेळी नाकारली आहे. मार्ग लिहिलेला असला की हे श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पुण्यात याच ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. मागून कुणीतरी उठून विचारतं, पुण्याला खंडपीठ कधी? मागणी खरी आहे आणि जुनी आहे. पण ती मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची आहे. तिचा मार्ग १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातलं कलम ५१, म्हणजे उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, राज्यपाल आणि कायमचं खंडपीठ हवं असेल तर राष्ट्रपती यांच्यातून जातो. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं ते याच कलमाखाली. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे गेले, पुणे मुंबईकडेच राहिलं. सूत्रसंचालकाने एवढं दोन वाक्यांत सांगावं आणि पुढे जावं. अडवून गप्प बसवू नका, लोक मुंबईच्या खेपा घालून थकलेले असतात आणि त्यांचा राग रास्त आहे.

अमेरिकेचा दाखला येणारच. तिथे १८६९ पासून नऊ न्यायाधीश आहेत आणि नेमणूक तहहयात असते, म्हणून तिथे अठरा वर्षांच्या मुदतीची चर्चा आहे. आपल्याकडे न्यायाधीश साठीच्या आसपास पोहोचतात आणि ६५ ला निवृत्त होतात, त्यामुळे आपला प्रश्न उलटा आहे. न्या. के. एन. सिंह १९९१ मध्ये १७ दिवस सरन्यायाधीश होते. आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयातून शिकलेले यशवंत चंद्रचूड १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ. सरन्यायाधीशांना किमान ठराविक मुदत द्यावी असा ठराव हवा असेल तर या दोन टोकांवरून बोलायला लावा, आणि तिथेही मार्ग लिहा, कारण सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाने सरन्यायाधीश व्हायचं हे घटनेच्या शब्दांत नाही, परंपरेत आहे. १९७३ आणि १९७७ मध्ये ती मोडली गेली होती.

प्रलंबित खटल्यांचा आकडा राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरून त्याच सकाळी घ्या आणि त्याखाली तारीख छापा. सर्वोच्च न्यायालय तिथे सप्टेंबर २०२३ पासून आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आकडा कुणी वाचला तर तिथेच थांबवा. प्रलंबित खटल्यांवर बोलणाऱ्याने अनुच्छेद १३६ खालच्या विशेष अनुमती याचिकांवर, म्हणजे खालच्या न्यायालयाच्या निकालाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जांवर, बोलल्याशिवाय खाली बसू नये, कारण गर्दीचं मोठं दार ते आहे.

वक्ते सगळे वकील नकोत. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातला एक, मुंबईला नियमित जाणारा एक, घटना शिकवणारा एक प्राध्यापक आणि दिल्लीपर्यंत खटला लढवलेला एखादा पक्षकार, एवढे पुरेत. पदावरच्या न्यायाधीशांना बोलावू नका. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतील तर त्यांचं मत शेवटी ठेवा, नाहीतर त्यांच्यानंतर कुणी विरोधात बोलत नाही. न्यायालयाच्या अवमानाची भीती आधीच दूर करा: १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावर गुणवत्तेच्या आधारे केलेली उचित टीका अवमान ठरत नाही. मात्र सुरू असलेली प्रकरणं आणि न्यायाधीशांच्या हेतूंविषयीची शेरेबाजी टाळायला वक्त्यांना लेखी सांगा, तोंडी नको.

छपाई अप्पा बळवंत चौकात आदल्या दिवशी दुपारी उरकून घ्या. एका ठरावाला एक पान: ठराव, आजची तरतूद, मार्ग, मुख्य अडसर. प्रूफ तपासताना आधी मार्गाचा रकाना बघा, मग बाकीचं.

सभेच्या दिवशी फार काही उरत नाही. घंटा, घड्याळ, दोन फिरते माईक. मतपत्रिका आधी आणि नंतर अशा दोन रंगांत. त्यावर तीन चौकोन: हो, नाही, मार्ग बदलून हो. मोजणी दोघांनी करावी. निकाल त्याच रात्री लिहून काढा आणि ज्याच्या हातात मार्ग आहे त्यालाच पाठवा: साधा कायदा असेल तर खासदार आणि कायदा मंत्रालय, घटनादुरुस्ती असेल तर खासदारांसोबत आमदारही, नियम किंवा प्रशासकीय बाब असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे महासचिव. तिन्ही ठराव एकाच पत्रात घालू नका.